स्वमग्नता आणि मेंदूची दुखापत: कौशल्य शिकवताना मदत कशी द्यावी आणि कशी काढून घ्यावी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला हात धुवायला शिकवणे आणि अपघातात मेंदूला इजा झालेल्या प्रौढ माणसाला औषधाच्या गोळ्या पुन्हा स्वतः घ्यायला शिकवणे, या दोन कामांत वरवर फारसे साम्य दिसत नाही. मुलाला ते कौशल्य कधी आलेलेच नसते, प्रौढाला ते सहज येत होते आणि आता येत नाही. तरीही दोघांसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींचा पाया वर्तन-विश्लेषण, म्हणजे वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडते हे पाहून ते बदलण्याचे शास्त्र, हाच आहे, आणि त्यातील सर्वांत नाजूक काम म्हणजे मदतीचे नियोजन. कोणत्या क्षणी किती मदत द्यायची आणि ती कशी कमी करत न्यायची, हे शिकवायला बसण्यापूर्वीच ठरलेले नसेल, तर माणूस कौशल्य शिकण्याऐवजी मदतीची वाट पाहायला शिकतो.

कौशल्याची निवड करताना ते त्या व्यक्तीच्या जगण्यात उपयोगाचे आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिझ्ली यांनी १९६८ साली उपयोजित वर्तन-विश्लेषणाची वैशिष्ट्ये मांडली, तेव्हा निवडलेले वर्तन सामाजिकदृष्ट्या महत्त्वाचे असावे, ही अट त्यांनी घातली होती. ही अट आजही पुष्कळदा विसरली जाते. नजरेला नजर भिडवणे किंवा हात हलवण्यासारख्या निरुपद्रवी हालचाली थांबवणे ही उद्दिष्टे बघणाऱ्यांच्या सोयीची असतात, आणि स्वमग्न प्रौढांनी त्यांवर घेतलेला आक्षेप माझ्या मते रास्त आहे. शौचाला जाणे, मदत मागणे, नकार देणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे ही उद्दिष्टे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या उपयोगाची आहेत. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत उद्दिष्ट तिच्याशी बोलून ठरवावे. मात्र मेंदूच्या दुखापतीनंतर काही जणांना आपल्या अडचणीची जाणीवच उरत नाही, आणि अशा वेळी वाद घालण्यापेक्षा तिला स्वतःला हव्या असलेल्या एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करणे फलदायी ठरते.

निवडलेल्या कामाची पायऱ्यांमध्ये फोड करावी. त्यासाठी ते काम स्वतः करून पाहावे आणि प्रत्येक कृती लिहून काढावी, कारण केवळ आठवून लिहिलेल्या यादीत निम्म्या पायऱ्या गळतात. हात धुण्यात नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळहात एकमेकांवर चोळणे, हातांची मागची बाजू चोळणे, साबण धुऊन टाकणे, नळ बंद करणे आणि हात पुसणे अशा पायऱ्या निघतात. एखाद्या मुलासाठी यांतली एकच पायरी आणखी तीन भागांत तोडावी लागते. यादी तयार झाली की शिकवणे सुरू करण्यापूर्वी दोन-तीन वेळा काहीही मदत न करता निरीक्षण करावे आणि कोणत्या पायऱ्या आपोआप होतात याची खूण करावी. ही नोंद नसेल, तर पुढे खरी प्रगती आणि आपल्याला वाटणारी प्रगती यांत फरक करता येत नाही.

पायऱ्या जोडण्याच्या दोन प्रचलित रीती आहेत. सरळ साखळीत पहिली पायरी आधी शिकवली जाते आणि उरलेल्या पायऱ्या मदतीने पूर्ण केल्या जातात. उलट साखळीत शेवटची पायरी सोडून बाकी सर्व काम मदतीने होते, शेवटची पायरी व्यक्ती स्वतः करते आणि ती जमली की तिच्या आधीची पायरी शिकवायला घेतली जाते. उलट साखळीत काम पूर्ण झाल्याचा अनुभव प्रत्येक वेळी शिकणाऱ्याच्याच हातून येतो, म्हणून पटकन निराश होणाऱ्या व्यक्तीसाठी मी तीच आधी सुचवेन. बहुतेक पायऱ्या आधीपासून येत असतील, तर या दोन्हींची गरज नसते आणि संपूर्ण काम एका दमात करवून अडेल तिथेच मदत देता येते.

आता मदतीकडे, ज्याला या क्षेत्रात प्रॉम्प्ट म्हणतात. हात धरून करून घेणे, करून दाखवणे, खुणेने सुचवणे आणि तोंडी सांगणे असे तिचे प्रकार आहेत. नवे कौशल्य शिकवताना मोठ्या मदतीपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने कमी करावी: आधी हात धरावा, मग नुसता मनगटाला आधार द्यावा, मग कोपराला स्पर्श करावा, मग हात जवळ ठेवावा आणि अखेरीस दूर उभे राहावे. हात धरताना प्रतिकार जाणवला तर जबरदस्ती न करता थांबावे. तोंडी सूचना ही सर्वांत सोपी मदत वाटते, पण काढून घ्यायला ती सर्वांत अवघड असते, कारण बोलणाऱ्याला आपण बोलत आहोत याचेही भान राहत नाही आणि ‘आता नळ बंद कर’ हे वाक्य कानावर पडल्याशिवाय मूल नळाला हात लावत नाही. म्हणून शक्यतो शरीराच्या किंवा चित्रांच्या मदतीने शिकवावे आणि जीभ आवरावी.

मदत कमी करण्याचा आणखी एक चांगला मार्ग म्हणजे ठरावीक विलंब. सुरुवातीच्या काही वेळा पायरी येताच लगेच मदत द्यावी, त्यानंतर प्रत्येक वेळी चार किंवा पाच सेकंद थांबून मगच द्यावी. त्या अवकाशात व्यक्ती स्वतः पुढाकार घेऊ लागते. मेंदूच्या दुखापतीनंतर विचारप्रक्रिया मंदावलेली असल्यास हा अवकाश आणखी वाढवावा लागतो, आणि शांतता असह्य होऊन शिकवणाऱ्यानेच उत्तर देऊन टाकणे ही इथली नेहमीची अडचण आहे.

दुखापतीमुळे स्मरणशक्ती गंभीरपणे बिघडलेली असेल, तर ‘करून बघ, चुकलास तर सांगेन’ ही पद्धत घातक ठरू शकते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली स्मरणशक्ती गंभीरपणे बिघडलेल्या व्यक्तींसोबत केलेल्या अभ्यासात असे दिसले की अंदाज बांधू न देता थेट बरोबर उत्तर देऊन शिकवल्यास त्यांचे शिकणे सुधारते. त्यांनी याचा खुलासा असा केला की सामान्य माणसाला आपली चूक चूक म्हणून आठवते आणि तो ती टाळतो. ज्याला ते आठवत नाही, त्याच्या बाबतीत मात्र एकदा केलेली कृती नकळत पक्की होते, मग ती चुकीची का असेना. म्हणून अशा व्यक्तीला गोळ्यांच्या डबीचा कोणता कप्पा उघडायचा याचा अंदाज करायला लावू नये, तर योग्य कप्पा दाखवून तोच उघडून घ्यावा.

याच्या जोडीला वाढत्या अंतराने आठवण करवण्याची पद्धत वापरता येते. ‘आपली डबी कुठे असते?’ असे विचारून लगेच उत्तर सांगावे आणि म्हणवून घ्यावे, मग तीस सेकंदांनी, एक मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी पुन्हा विचारावे. उत्तर चुकले किंवा आठवले नाही, तर लगेच बरोबर उत्तर द्यावे आणि ज्या अंतरावर शेवटचे यश मिळाले होते तिथे परत जावे. मधल्या वेळात दुसऱ्या गप्पा किंवा काम चालू ठेवावे. थकवा हा मेंदूच्या दुखापतीचा अत्यंत सामान्य परिणाम असल्यामुळे सत्रे छोटी आणि दिवसाच्या ताज्या वेळी ठेवावीत.

योग्य कृतीनंतर मिळणारे फळ, म्हणजेच प्रबलन, त्या व्यक्तीला खरोखर आवडणारे असावे आणि कृतीनंतर लगेच मिळावे. काय आवडते हे गृहीत न धरता दोन-तीन गोष्टी समोर ठेवून तिला निवडू द्यावे, आणि ही निवड अधूनमधून पुन्हा करू द्यावी, कारण आवड उतरते. सुरुवातीला प्रत्येक योग्य प्रयत्नानंतर, आणि नंतर विरळ करत, ते कामातूनच मिळणाऱ्या फळापर्यंत आणावे.

शिकवताना व्यक्ती ओरडू लागली, उठून गेली किंवा वस्तू फेकू लागली, तर ती काय सांगत आहे हे शोधावे. दुखणे, झटका (फिट) येणे, औषधांचा परिणाम किंवा झोपेचा अभाव ही कारणे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवले की काम टाळण्यासाठी किंवा लक्ष वेधण्यासाठी होणाऱ्या त्रासदायक वर्तनाच्या जागी मदत किंवा कौतुक मागण्याचा सोपा मार्ग शिकवल्यास ते वर्तन कमी होते. ‘थांबा’ असे सांगणारे कार्ड शिकवणे अनेकदा संपूर्ण सत्र वाचवते. मात्र सुरुवातीच्या काळात ते प्रत्येक वेळी मानले गेले पाहिजे, भले सत्र अर्धवट राहो. शिक्षा करून शिकवू नये. स्वतःला किंवा इतरांना इजा होत असेल, तर हे काम घरच्यांनी एकट्याने न करता प्रशिक्षित तज्ज्ञाकडे सोपवावे.

रोजच्या नोंदीत प्रत्येक पायरीसमोर ‘स्वतः’ किंवा दिलेल्या मदतीचा प्रकार एवढेच लिहावे. सलग चार-पाच सत्रांत काहीच बदल दिसला नाही, तर पायरी आणखी तोडावी, प्रबलन बदलून पाहावे किंवा मदत फार घाईने काढली गेली का ते तपासावे.

ट्रेव्हर स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ साली लिहिले की एका ठिकाणी कौशल्य शिकवून ते इतरत्र आपोआप वापरले जाईल अशी आशा करणे पुरेसे नाही. म्हणून हात धुणे वेगवेगळ्या नळांवर, वेगवेगळ्या साबणांनी आणि वेगवेगळ्या माणसांसोबत शिकवावे, आणि कौशल्य जमल्यावरही आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी तपासावे. स्मरणशक्ती बिघडलेल्या व्यक्तीसाठी मात्र उलट विचार करावा लागतो: डबी, तिची जागा आणि वेळ शक्यतो बदलू नये, आणि बदलणे भाग पडले तर ती नवी गोष्ट म्हणून पुन्हा शिकवावी. तिच्या बाबतीत सगळी मदत काढून घेण्याचा आग्रहही धरू नये. डबी दुसऱ्या कोणी भरावी आणि तपासावी. फोनचा गजर कायम राहू शकतो, फक्त तो वाजल्यावर डबीकडे जाणे हे वर्तन इतके पक्के व्हावे लागते की शेजारी उभे राहून आठवण करून देणाऱ्या माणसाची गरज उरू नये.