प्रकाश आणि अर्धपारदर्शक थरांच्या मांडणशिल्पाची पूर्वतयारी

अशा मांडणशिल्पात, म्हणजे जागेत वस्तू मांडून घडवलेल्या कलाकृतीत, कागद, कापड किंवा ॲक्रिलिक (काचेसारखे प्लास्टिक) यांच्याइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेला असते, म्हणून साहित्य आणण्याआधी प्रत्येक थराचे तळहाताएवढे नमुने जमवावेत आणि प्रत्यक्ष वापरायच्या दिव्यासमोर, पूर्ण अंधार केलेल्या खोलीत, ते मागेपुढे सरकवून पाहावेत. दुधी ॲक्रिलिकच्या मागे जाळी पडलेले वाळके पान टेकवून धरले तर त्याची शीर न् शीर दिसते. तेच पान चार-पाच सेंटीमीटर मागे नेले की कडा विरघळतात आणि नुसती सावली उरते. संगणकावरच्या चित्रात हा फरक नीट उमगत नाही, त्यामुळे मनास आलेले प्रत्येक अंतर मोजून वहीत लिहून ठेवावे.

त्यानंतर थरांची संख्या ठरवावी. स्वच्छ ॲक्रिलिकची एक शीटदेखील सुमारे ९२ टक्केच प्रकाश पुढे जाऊ देते; अशा पाच शीटमागून साधारण ६६ टक्के उरतो, आणि दुधी किंवा रंगीत थरांत ही घट पुष्कळच जास्त असते. रंगीत थर प्रकाशातून आपापला वाटा वजा करतात, म्हणून गडद लालमागे गडद हिरवा आला तर जवळजवळ काळोखच हाती लागतो. जाळीदार कापडाचे दोन थर घेतल्यास पाहणाऱ्याच्या चालण्याबरोबर सरकणारी लहरींची नक्षी उमटते. ती फार सुंदर असते, परंतु ती हवी की नको हे आधीच ठरलेले असावे.

एलईडी पट्टीवर मीटरला ६० दिवे असतील तर दोन दिव्यांत सुमारे १७ मिलिमीटर अंतर पडते. दुधी थर त्याहून जवळ आला की ठिपके दिसू लागतात. त्याच्या दुप्पट अंतरापासून चाचणी सुरू करावी. बारा व्होल्टच्या लांब पट्टीचे दूरचे टोक मंद पडते, तेव्हा वीजजोडणी दोन्ही टोकांना द्यावी.

ॲक्रिलिकची एक मीटर लांब शीट तापमान २० अंशांनी वाढल्यास जवळपास दीड मिलिमीटर वाढते, म्हणून भोके स्क्रूपेक्षा मोठी ठेवावीत. लेझरने कापलेल्या कडा स्पिरिटने पुसू नयेत, त्यांना बारीक तडे जातात. संरक्षक कागद अगदी शेवटी काढावा, कारण तो सोलताच शीट धूळ ओढून घेते आणि मागून उजेड पडला की धुळीचा कणन् कण दिसतो. सगळे जोडून झाल्यावर दिवे काही तास सलग चालू ठेवून, ते बंद केल्यावर पट्टीची मागची बाजू आणि कागदाचे थर किती तापले आहेत ते तपासावे.