कन्सोल कोणतं जिंकेल हे प्रोग्रामरचा हातही ठरवतो

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणारी नाशिकची मुलं माझ्याकडे गेम प्रोग्रामिंगची चौकशी करतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: युनिटी शिकू की अनरियल, म्हणजे गेम बनवायचं कुठलं तयार इंजिन? कुठलंही एक शिका, पण त्याच्या खाली चालणाऱ्या यंत्राशी ओळख करून घ्या, असं मी सांगते. मी पोर्टिंग करते, म्हणजे एका कन्सोलचा (गेम खेळायच्या यंत्राचा) गेम दुसऱ्यावर नेते. या ओळखीची किंमत त्या कामात रोज दिसते.

सातपूर-अंबडमध्ये ज्यांचं घर वर्कशॉपवर चालतं त्यांना हे लगेच पटेल. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारं यंत्र, चालवणाऱ्या ऑपरेटरांचा हात फानुक कंपनीच्या कंट्रोलवर बसलेला असेल, तर मालक नवं सीएनसी घेतानाही फानुकच मागतो. सीमेन्स वाईट म्हणून नव्हे. सवय होईपर्यंत काम मागे पडेल म्हणून.

1994 च्या अखेरीस जपानमध्ये सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशन काही दिवसांच्या अंतराने आले. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते, पण मेमरीकडे जाणारी वाट एकच, त्यामुळे ते एकमेकांसाठी खोळंबत. शिवाय इतरत्र त्रिकोणांनी चित्र उभं राहायचं, तिथे सॅटर्नला चौकोन लागत. प्लेस्टेशनमध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता आणि सोबत सी भाषेच्या तयार लायब्ररी मिळत. टीम कुठे वळल्या असतील, हे सांगायला नको.

पण सोपं यंत्रच नेहमी जिंकतं असं मानू नका. 2000 चं प्लेस्टेशन 2 प्रोग्रामरसाठी चांगलंच किचकट होतं, तरी ते 15 कोटींहून जास्त विकलं गेलं. त्यावर डीव्हीडी चालायची, जुने गेम चालायचे. गिऱ्हाईक तिथे होतं, म्हणून प्रोग्रामर झक मारत शिकले. माझ्या मते हाताची सवय खरी निर्णायक ठरते ती दोन कन्सोल बाजारात तुल्यबळ असताना.

2005 चं एक्सबॉक्स 360 आणि 2006 चं प्लेस्टेशन 3 हे त्याचं उदाहरण. 360 मध्ये एकसारखे तीन कोअर, 512 एमबी सामाईक मेमरी आणि चित्र काढायला पीसीवाल्यांच्या ओळखीचं डायरेक्टएक्स. प्लेस्टेशन 3 च्या सेल प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि गेमसाठी सहा एसपीयू, म्हणजे छोटे मदतनीस प्रोसेसर. प्रत्येक एसपीयूकडे स्वतःची फक्त 256 केबी मेमरी, आणि मुख्य मेमरीतला डेटा तिथे आणायचा-न्यायचा प्रोग्रामरने. नेहमीच्या पद्धतीने लिहिलेला कोड तिथे चालेच ना. म्हणून अनेक टीम आधी 360 वर गेम बनवत आणि मग इकडे आणत. एसपीयू रिकामे बसत आणि ताकदवान यंत्रावर तोच गेम अडखळे.

पुढे काही टीमनी क्रम उलटा केला, आधी प्लेस्टेशन 3 आणि मग 360. काम लहान तुकड्यांत तोडायचं आणि प्रत्येक तुकड्याचा डेटा एकत्र ठेवायचा, ही एसपीयूची शिस्त. तसा लिहिलेला कोड 360 वरही वेगाने धावला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते, कारण आजच्या इंजिनमधल्या जॉब सिस्टिम, म्हणजे कामं वेगवेगळ्या कोअरना वाटून देणाऱ्या व्यवस्था, याच विचाराने चालतात.

सोनीनेही धडा घेतला. प्लेस्टेशन 4 चे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी नव्या यंत्रावर पहिलं चित्र उमटवायला टीमला किती वेळ लागतो, याचा हिशेब मांडला होता: प्लेस्टेशन 3 ला 6 ते 12 महिने, प्लेस्टेशन 4 ला 1 ते 2. 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन, दोघांनीही एएमडीचे पीसीसारखेच प्रोसेसर घेतले.

आता तुमचं. डेव्हकिट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास कन्सोल, एकट्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. त्यासाठी कन्सोल कंपनीशी रीतसर करार लागतो. त्यासाठी अडून बसू नका. गेम बॉय ॲडव्हान्ससाठी सी मध्ये छोटा गेम लिहा. 32 केबी वेगवान आणि 256 केबी संथ मेमरीत काय कुठे ठेवायचं, हे ठरवताना डोकं तयार होतं. सेकंड इयरचा मायक्रोप्रोसेसर पेपरपुरता वाचू नका. लॅपटॉपवर लाखभर कण हलवणारा प्रोग्राम लिहा, डेटाची मांडणी बदला, वेळ मोजा. कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, काय करते ते तेव्हा कळतं.

नाशिकमध्ये ही कामं कमी, बहुतेकांना पुणं गाठावं लागतं. तिथे मुलाखतीला जाताना नुसते स्क्रीनशॉट नेऊ नका. सेकंदाला 60 फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेमला एका फ्रेमसाठी 16.6 मिलिसेकंद मिळतात. त्यातले तुमच्या कोडने आधी किती खाल्ले, तुम्ही काय बदललं आणि नंतर किती लागले, हे रेझ्युमेत पहिल्या पानावर लिहा.