ज्यू अध्ययनात एम. ए. करायचंय? विदर्भातल्या मुलामुलींनी या चुका टाळा

मी आर्वी तालुक्यातली. इतिहासात बी. ए. केलं, तेही मराठी माध्यमातून. पुढे परदेशात जाऊन ज्यू अध्ययन, म्हणजे ज्यू (यहुदी) लोकांचा धर्म, इतिहास आणि भाषा यांचा अभ्यास, शिकायचंय असं घरी सांगितलं, तेव्हा बाबा धुऱ्यावर बसून भाकर खात होते. त्यांनी एकच विचारलं, "हे ज्यू म्हंजे कोन वं माय?" त्या दिवशी मला धड सांगता आलं नाही. पदवी झाली, परत आले, आणि आता यवतमाळ, वाशीम, चंद्रपूरकडच्या मुलांचे फोन येतात. अडचणी त्याच, आणि चुकाही बऱ्याचशा मी केल्या त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपली मराठी लपवणं. पहिल्या वर्षी अर्जासोबतच्या उद्देशपत्रात मी जेरुसलेम लिहिलं, आइनस्टाईन लिहिला, 'जगाच्या इतिहासाची आवड' लिहिली. मराठीचा उल्लेखही केला नाही. तो कमीपणा वाटत होता. अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी तोच अर्ज मराठीपासून सुरू केला आणि प्रवेश मिळाला. दोन पत्रांत दुसरा काही फरक नव्हता, म्हणून हे इतक्या खात्रीने सांगते.

कारण साधं आहे. बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज शेकडो वर्षं मराठी बोलत आला. अलिबाग, पेण, नवगावच्या परिसरात ही माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवायची. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. केहिमकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावं. पेसाख या सणाच्या रात्री वाचायची हगादा नावाची पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. प्रेषित एलियाहूच्या नावाने होणाऱ्या मलिदा या विधीच्या प्रसादात पोहे आणि ओलं खोबरं असतं. १९४८ नंतर यांच्यातले बरेच लोक इस्राएलला गेले, दिमोना, बेरशेबा, अशदोद, लोद अशा गावांत वसले, आणि तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. हे सगळं कागद उघडून सरळ वाचू शकेल असा विद्यार्थी कुठल्याही परदेशी विभागाला सहज मिळत नाही. तुम्ही वाचू शकता. मोडी येत असेल तर आणखी चांगलं. येत नसेल तर ज्यूंच्या धर्मग्रंथांची भाषा हिब्रू, तिच्यासोबत मोडीही शिकायला घ्या.

आणि विषय फक्त कोकणातच आहे असं समजू नका. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. त्याला शेगाव म्हणत होते त्या काळात, २० नोव्हेंबर १९३८ ला, गांधीजींनी तिथून ज्यूंच्या प्रश्नावर एक लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये आला. जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली त्याला तेव्हा जेमतेम दहा-अकरा दिवस झाले होते. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, असं गांधीजींनी त्यात सुचवलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर आणि हिब्रू विद्यापीठाचे यहुदा मॅग्नेस यांनी त्यावर सविस्तर पत्रं लिहिली: जिथे साक्षीदारच उरत नाही, तिथे हौतात्म्याला काय अर्थ राहतो, अशा धाटणीचा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे मित्र हर्मन कॅलनबाख हे ज्यू. तेही १९३९ मध्ये शेगावला येऊन राहिले. आर्वीहून एस. टी.ने सेवाग्रामला आम्ही शाळेची सहल म्हणून जायचो, बापूकुटी बघून परत यायचो. त्याच आवारातून हा वाद सुरू झाला हे मला परदेशातल्या एका वर्गात कळलं, आणि त्या संध्याकाळी मी फार अस्वस्थ होते. तुम्ही तरी निघण्यापूर्वी तो लेख आणि दोन्ही पत्रं वाचून जा.

आता विषयाबद्दलच्या गैरसमजाकडे. ज्यू अध्ययन म्हणजे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होण्याचं शिक्षण नव्हे, आणि ज्यू असण्याची अटही नसते. इस्राएलचं लष्कर, शेती, ठिबक सिंचन हाही हा विषय नव्हे. आपल्याकडे इस्राएल म्हटलं की ठिबकच आठवतं, आणि अर्जात तेच लिहिलं जातं. १८१९ मध्ये बर्लिनमध्ये लिओपोल्ड त्सुन्झ आणि त्यांच्या मित्रांनी ज्यू परंपरेचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला, तिथून ही शाखा वाढली. तिच्यात तनाख (हिब्रू बायबल) आणि तालमूद (धर्मनियमांवरच्या चर्चांचा ग्रंथ) येतात, मध्ययुगीन व्यापार येतो, तत्त्वज्ञान, युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतलं साहित्य, होलोकॉस्ट म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, आधुनिक समाजशास्त्र, सगळं येतं. त्यामुळे 'मला ज्यूंचा इतिहास शिकायचाय' हे वाक्य कुणालाच पुरत नाही. कोणता काळ, कोणता प्रदेश, कोणत्या भाषेतली साधनं, हे तीन मुद्दे ठरवा. उदाहरण देते. कैरोच्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, कोठडीत जुने कागद शेकडो वर्षं साठले होते. त्यांतले सुमारे १,९३,००० तुकडे आज केंब्रिजला आहेत. त्या साठ्यात अब्राहम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रं आहेत. तो बाराव्या शतकात मंगळूरला राहून मिरी, सुपारी, पितळेच्या भांड्यांचा व्यवहार करत होता. 'मध्ययुगीन हिंदी महासागरातला ज्यू व्यापार' असं लिहिलंत, की वाचणाऱ्याला तुमच्या डोक्यात काय आहे ते कळतं.

भाषेची चूक सगळ्यात महागात पडते. 'तिकडे गेल्यावर शिकू' असं म्हणून मुलं थांबतात आणि पहिलं सत्र अक्षरं ओळखण्यात जातं. हिब्रूची अक्षरं २२, उजवीकडून डावीकडे. त्यांतल्या पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं. दालेत आणि रेश, बेत आणि काफ, 'हे' आणि 'खेत' या जोड्या आपल्याला सारख्याच दिसतात. वहीत दोन्ही शेजारी शेजारी पन्नास वेळा काढा, त्याशिवाय डोळा बसत नाही. खरी अडचण पुढे येते: बहुतेक छापील मजकुरात स्वरचिन्हं नसतात. आपल्या काना-मात्रा काढून टाकून नुसती व्यंजनं ठेवली तर जसं वाचावं लागेल, तसं. वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणून रडकुंडीला येऊ नका. लहान मुलांच्या पुस्तकांत चिन्हं असतात, तिथून सुरू करा.

शब्दकोशात शब्द सापडत नाही ही तक्रारही नेहमीची. बरेच जण शब्दाच्या पहिल्या अक्षराने शोधतात, पण हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभा असतो आणि अभ्यासाचे जुने कोश त्या मुळाप्रमाणे लावलेले असतात. 'कातव' म्हणजे त्याने लिहिलं, 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'केतुब्बा' म्हणजे लग्नाचा करारनामा. तिन्हींचं मूळ एकच. ज्यांनी शाळेत संस्कृतचे धातू घोकले त्यांना हे लवकर उमगतं. शिवाय बायबलची हिब्रू वेगळी, आजच्या रस्त्यावरची वेगळी, आणि तालमूदचा मोठा भाग तर अरामी भाषेत. कोणती लागणार हे विषयावरून ठरवा आणि मग शिकवणी लावा. होलोकॉस्टचा अभ्यास करणार असाल तर हिब्रूइतकीच जर्मन लागेल. मूळ ग्रंथांसाठी 'सेफारिया' हे मोफत संकेतस्थळ आहे. तालमूदही तिथे इंग्रजी भाषांतरासह मिळतो. लाईन जायची वेळ गावात ठरलेली असते. हवी ती पानं आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे कडक मास्तरला कौतुकाने 'हिटलर' म्हणतात. बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याचं आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, माहिती नसते. पण त्या माणसाच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले, आणि वर्गात तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या आजीचं अख्खं घराणं त्यात गेलेलं असू शकतं. 'त्याची शिस्त चांगली होती' हे वाक्य एका मुलाने ऑनलाइन मुलाखतीत सहज उच्चारलं. मुलाखत तिथेच संपली. हे फक्त तोंडाला लगाम घालण्यापुरतं घेऊ नका. आधी वाचा, आणि घरीही बोला.

कागदपत्रांत बहुतेकांचा वेळ नावावरून जातो. आपल्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. मुलीचं लग्न झालं असेल तर आणखी तिसरंच. पासपोर्ट काढतानाच सगळं एका धाटणीत आणा. गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट एक नव्हेत. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा एकत्रित उतारा, विद्यापीठाकडून वेगळं मागावं लागतं. नागपूर असो, अमरावती असो की गोंडवाना, त्यासाठी महिना-दोन महिने हाताशी ठेवा. अपोस्टिल, म्हणजे कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत यासाठीचं सरकारी प्रमाणन, लागणार असेल तर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हा क्रम उलटा होत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजीची परीक्षा बहुधा द्यावीच लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, म्हणून घाईने आधीच देऊन बसू नका. तीन वर्षांची बी. ए. काही ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, अपुरी धरतात. फी भरण्याआधी ईमेलवर लेखी विचारा.

पैशाच्या बाबतीत एक खाचखळगा नीट समजून घ्या. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीची दारं अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी उघडी आहेत. पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. म्हणजे ज्या बेने इस्राएलांमुळे तुम्हाला प्रवेश मिळेल, त्याच विषयावर ही शिष्यवृत्ती अडू शकते. चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचा, सेतू केंद्रातल्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका. याच मार्गाने जायचं असेल तर विषय भारताबाहेरचा निवडा, होलोकॉस्ट किंवा तालमूद, आणि मराठीचं काम पुढे पीएच. डी.साठी ठेवा. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण अर्ज भरताना तो धरूनच चालावं लागतं. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीला जागतिक क्रमवारीची अट आहे. ऑक्सफर्ड त्यात बसतं. पण जर्मनीतल्या हायडेलबर्गची १९७९ मध्ये सुरू झालेली ज्यू अध्ययनाची संस्था विद्यापीठापासून स्वतंत्र आणि छोटी आहे, तिथे विद्यापीठाच्या नावावरून फसू नका.

इस्राएलमध्येच शिकायचं ठरवलं तर परिस्थिती पाहून पर्याय ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यामुळे तिथलं त्या वेळचं शैक्षणिक वर्ष डिसेंबरअखेर सुरू झालं होतं.

आणि इस्राएलमधल्या प्राध्यापकांना पत्र कधी पाठवायचं? तिथे आठवडा रविवारी सुरू होतो. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी काही हालत नाही. उत्तर आलं नाही म्हणून मी एका शनिवारी चार ईमेल पाठवल्या होत्या; तसं करू नका. त्यांचं पंचांगही आपल्यासारखं चंद्रावर चालतं आणि अधिक महिना घेतं. त्यामुळे बहुतेक वर्षी आपली घटस्थापना आणि त्यांचं नववर्ष रोश हशाना एकाच सुमारास येतात. आपला दसरा तेव्हा त्यांचा योम किप्पूरचा उपास, आणि कोजागिरीच्या आसपास सुक्कोतचा सण. अधिक महिने जुळत नाहीत त्या वर्षी महिन्याचा फरक पडतो, तेवढं तपासून घ्या. विचारायचं ते सगळं पितृपक्षातच विचारून घ्या. नवरात्र लागलं की कोजागिरीनंतर आठवडाभर उलटेपर्यंत बहुधा कुणी उत्तर देत नाही.