महिलांचा नवा फुटी संघ: पहिल्या हंगामाची तयारी कशी करावी

सिडनी स्वान्सचा महिला संघ २०२२ साली एएफएलडब्ल्यू या फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलच्या, राष्ट्रीय महिला लीगमध्ये प्रथमच उतरला, तेव्हा त्याने दहाच्या दहा सामने गमावले. पुढच्याच वर्षी मात्र तो बाद फेरीत पोहोचला आणि तिथला पहिला सामना जिंकलाही. त्याआधी २०२० मध्ये रिचमंडच्या महिलांनी पदार्पणाच्या हंगामातले सहाही सामने गमावले होते. पगारी प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक हाताशी असलेल्या क्लबांची ही स्थिती असेल, तर मेलबर्नच्या एखाद्या उपनगरात या वर्षी प्रथमच महिला संघ उभा करणाऱ्यांनी गुणतक्त्यावरून स्वतःला जोखू नये. हंगामाच्या शेवटच्या शनिवारीही पुरेशा खेळाडू धडधाकट असाव्यात आणि पुढच्या वर्षी त्यांना परत यावेसे वाटावे, एवढेच उद्दिष्ट समोर ठेवून तयारी आखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थानिक स्पर्धा साधारणपणे एप्रिलमध्ये सुरू होतात आणि ऑगस्टच्या सुमारास बाद फेरीकडे वळतात. पूर्णपणे नवख्या संघाने निदान जानेवारीच्या अखेरीस, आठवड्यातून दोन संध्याकाळी, सराव सुरू केलाच पाहिजे. महिलांच्या सामन्यात बहुधा एका बाजूला सोळा जणी मैदानात असतात आणि काही बदली खेळाडू बाकावर असतात. तरीही नोंदणी तिसाच्या आसपास व्हावी असा प्रयत्न करावा. परिचारिकांच्या पाळ्या, विद्यार्थिनींच्या परीक्षा, जुलैतल्या सुट्ट्या आणि दुखापती यांतून प्रत्येक शनिवारी किती जणी उरतात, हे पाहिल्यावर तीस हा आकडा मोठा वाटत नाही. खेळाडू कमी पडल्यास काय करायचे याचे नियम लीगनुसार बदलतात, म्हणून ते आधीच वाचून ठेवावेत.

यातल्या बहुतेक जणी दुसऱ्या खेळांतून येतील, आणि प्रत्येकीच्या जुन्या सवयीचा उपयोग करून घेता येतो. नेटबॉलपटूंना डोक्यावरचा चेंडू झेलता येतो, पण चेंडू हाती येताच थांबण्याची सवय त्यांना मोडावी लागते. बास्केटबॉल खेळलेली उंच मुलगी रक म्हणून, म्हणजे मध्यभागी उंच उसळलेल्या चेंडूसाठी उडी घेणारी खेळाडू म्हणून, लवकर तयार होते. गेलिक फुटबॉलमधून आलेल्या आयरिश खेळाडूंनी तर राष्ट्रीय लीगमध्येच आपले स्थान पक्के केले आहे; कोरा स्टॉन्टन २०१८ साली जायंट्सकडून खेळली, तेव्हापासून ही वाट रुळली. मेलबर्नमधल्या मराठी मुलींपैकी कोणी शाळेत कबड्डी किंवा खो-खो खेळली असेल, तर तिने संकोच न करता सरावाला यावे, कारण पकड करण्याची भीती मोडलेली असणे आणि धावता धावता क्षणात दिशा बदलता येणे हे दोन्ही इथे थेट कामाला येते.

पहिले चार आठवडे, माझ्या मते, पडणे आणि टॅकल करणे, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला पकडून रोखणे, यांनाच द्यावेत. बहुतेक प्रौढ स्त्रियांना कोणी अंगावर येऊन आपल्याला पाडेल याची लहानपणापासून कधीच सवय नसते, आणि ही भीती मनात असेपर्यंत किक, झेल आणि डावपेच सगळे अर्धवट राहते. सुरुवात चटईवर, गुडघ्यांवर बसून करावी. मग चालत, मग हळू धावत, आणि सर्वांत शेवटी पूर्ण वेगात. टॅकल खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वरच करायचा असतो. टॅकल करणारीने नजर वर ठेवावी, डोके समोरचीच्या शरीराच्या एका बाजूला न्यावे, दोन्ही हातांनी घट्ट मिठी घालावी आणि पडताना अंग वळवावे, म्हणजे समोरचीच्या पाठीवर भार पडत नाही व पंच तिला फ्री किकही देत नाहीत. जिला टॅकल होतो तिने हनुवटी छातीशी ओढून चेंडू कवटाळावा. तोल सावरण्यासाठी हात पसरला की मनगट किंवा खांद्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. जमिनीवरचा चेंडू उचलताना डोके पुढे करून कधीही झेपावू नये, अंग तिरके करून बाजूने जावे.

गुडघ्यांची काळजी याच टप्प्यावर सुरू होते. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण महिला फुटीमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ही दुखापत झालेली खेळाडू साधारणपणे पूर्ण हंगामाला मुकते. ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी एएफएल या फुटीच्या राष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने ‘प्रेप-टू-प्ले’ हा कार्यक्रम नेमका महिला व मुलींच्या संघांसाठी तयार केला आहे. त्यातला वॉर्म-अप प्रत्येक सरावाच्या आणि सामन्याच्या आधी करावा: उडीनंतर गुडघे वाकवून हलके उतरणे, गुडघा आत न झुकू देणे, वळताना लांब ढांग न टाकता छोटी पावले घेणे. पाऊस असो वा उशीर झालेला असो, हा भाग गाळू नये.

चेंडूशी ओळख त्यानंतर करून द्यावी. महिलांच्या सामन्यात पुरुषांच्या पाच नंबरऐवजी चार नंबरचा थोडा लहान चेंडू वापरतात, म्हणून सरावालाही तोच घ्यावा. ड्रॉप पंट या मूळ किकचे यश पायाच्या जोरापेक्षा चेंडू हातातून कसा सोडला यावर ठरते: चेंडू उभा ठेवून, एका हाताने खाली सोबत करत, पायाच्या जवळ सोडायचा. पंधरा मीटर पार करून गेलेली किक थेट झेलली तरच ‘मार्क’, म्हणजे अडथळ्याविना पुढची किक घेण्याचा हक्क, मिळतो, त्यामुळे पन्नास मीटरच्या स्वप्नांपेक्षा वीस मीटरची अचूक किक नवख्या संघाला अधिक उपयोगी पडते. हँडबॉलमध्ये चेंडू एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा असतो. फेकणे हा नियमभंग आहे, आणि नेटबॉलच्या सवयीने तो वारंवार होतो. नव्या संघांत चेंडूभोवती सगळ्या जणींचा घोळका होतो. किमान दोघींनी घोळक्याबाहेर थांबायचेच, हा एक नियम पाळला तरी खेळ मोकळा होतो.

साहित्यात माऊथगार्ड आणि पायात नीट बसणारे बूट यांवर काटकसर करू नये. शॉर्ट्स गडद रंगाच्याच मागवाव्यात. मासिक पाळीच्या काळातली चिंता लक्षात घेऊन राष्ट्रीय लीगनेही २०२२ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स बंद केल्या. संघ जुन्या पुरुष क्लबाचा भाग असेल, तर मैदान, दिव्यांखालची जागा आणि चेंजिंग रूम कोणाला कोणत्या संध्याकाळी मिळणार हे हंगामापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. मी पाहिलेल्या एका क्लबात महिलांना महिनाभर मैदानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सराव करावा लागला, केवळ कोणी आधी विचारले नव्हते म्हणून. हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

माणसेही लवकर नेमावीत: टीम मॅनेजर, गोल पंच, पाणी पोहोचवणारे, आणि ट्रेनर. ऑस्ट्रेलियन क्लबात ट्रेनर म्हणजे प्रशिक्षक नव्हे, तर प्रथमोपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार या व्यक्तीकडे असतो, आणि तो प्रशिक्षकानेही निमूट मानावा. कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का बसून झालेली इजा, झालेली खेळाडू स्थानिक पातळीवर किमान एकवीस दिवसांनंतर, डॉक्टरांच्या परवानगीनेच, सामन्यात परतू शकते.

मार्चमध्ये एखादा सराव सामना, शक्यतो दुसऱ्या नव्या संघाशी, ठरवावा आणि त्यात प्रत्येकीला निदान दोन जागांवर खेळवून पाहावे. पहिल्या खऱ्या सामन्याच्या दिवशी सगळ्यांना दीड तास आधी बोलवावे, जागा आदल्या गुरुवारीच सांगून ठेवाव्यात आणि सामन्यापूर्वीचे भाषण दोन मिनिटांत आटोपावे. सामना संपल्यावर ट्रेनरने प्रत्येकीला दुखतखुपत आहे का ते विचारून नोंदवावे, आणि रविवारी संध्याकाळी टीम मॅनेजरने कमीत कमी वेळ मैदानात मिळालेल्या खेळाडूंना आधी फोन करून मंगळवारच्या सरावाला बोलवावे.