गॅरेजच्या कोब्याला इपॉक्सी मारताय? या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की माझा फोन सुरू होतो. नवी गाडी येणार, मुहूर्त धरलाय, तेवढ्यात गॅरेजचा कोबा चकाचक करून द्या. इकडे जळगाव-भुसावळला पारा ४३-४४, बाहेर वावटळ, कोब्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि माणसाला चार दिवसांत कोटिंग हवंय. मी आता सरळ सांगतो, दिवाळीनंतर या.

पहिली चूक दुकानातच होते. "केमिकल-प्रूफ द्या" म्हणतात. अरे पण तुमच्याकडे सांडणार काय? पेट्रोल, डिझेल, जळकं ऑईल एवढंच असेल तर चांगलं टू-पॅक इपॉक्सी, म्हणजे बेस आणि हार्डनर असे दोन डबे कालवून मारायचं कोटिंग, पुरतं. बॅटरीचं ॲसिड सांडत असेल, म्हणजे ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तिथंच चार्ज होत असतील, तर साधं इपॉक्सी पांढरं पडतं, तेवढ्या कोपऱ्याला ॲसिड सोसणारं नोव्होलॅक इपॉक्सी घ्या. शटर दिवसभर उघडं आणि ऊन आत येत असेल तर इपॉक्सी पिवळं पडणारच, वरून पीयूचा (पॉलियुरेथेन) हात द्यावा लागतो. ब्रेक ऑईल कशावरही पडलं तरी लगेच पुसा, ते पेंट सोडवतं. आणि डब्यावर इपॉक्सी लिहिलंय म्हणून सगळं सारखं नसतं. पाण्यातलं पातळ इपॉक्सी वाळल्यावर जेमतेम कागदाएवढं उरतं. १० बाय २० फुटांच्या गॅरेजला २५० मायक्रॉन (पाव मिलिमीटर) जाडी हवी असेल तर सॉल्व्हंट नसलेलं मटेरियल ४.६५ लिटर लागतं, रोलरला चिकटलेलं आणि डब्यात उरलेलं वेगळं. लोक दोन लिटर नेतात आणि म्हणतात दोन हात मारले.

आता ओल. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबण लावतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी फैजपूरकडे एका काकांच्या शेडचं काम घेतलं, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, खताच्या गोण्या असं सगळं. तिन्ही बाजूंनी केळी, ड्रिप चालू, खाली काळी माती. कोबा ओतताना जमिनीची ओल वर येऊ नये म्हणून खाली प्लास्टिक टाकलंय का हे मी विचारलंच नाही. मे महिना होता, कोबा वरून खडखडीत कोरडा, मग काय, मारलं. पाऊस लागला आणि ऑगस्टमध्ये काकांचा फोन. गेलो तर चहा पाजला, एक शब्द बोलले नाहीत, मग शेडमध्ये नेऊन स्क्रू-ड्रायव्हरने एक फुगा फोडला. आतून पाणी. "हे काय झालं भो?" एवढंच विचारलं. अख्ख्या शेडमध्ये पापडासारखे फुगे. सगळं घासून काढलं, ओलीवरही धरणारा इपॉक्सी प्रायमर मारून परत केलं, पैसे मागायचं तोंडच नव्हतं.

तेव्हापासून दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने बंद करतो. निदान १६ तास ठेवायचं म्हणतात, मी दोन रात्री ठेवतो. खाली दव दिसलं किंवा कोबा काळसर पडला तर काम थांबलं. आणि ही टेस्ट मे महिन्यात करून उपयोग नाही, पाऊस संपता संपता करा, तेव्हा जमीन खरं बोलते. नवा कोबा असेल तर २८ दिवस आधी होऊ द्या, त्यावर वाद नको.

दुसरी आवडती चूक म्हणजे सगळा डबा एकदम कालवणं. माझ्याच भाच्याने केलं, "मामा, दोनदा कोण कालवणार". पाच किलोचा बेस, हार्डनर, सगळं एका बादलीत, वर भर उन्हाळा. हा फोनवर बोलत बसला. बादली गरम झाली, मग धूर, मग बादलीच वाकडी. बेस आणि हार्डनर मिसळले की उष्णता सुटते, बादलीत ती कोंडते आणि माल अजून लवकर आवळतो. जमिनीवर पसरलं तर उष्णता निघून जाते. डब्यावर ४० मिनिटं लिहिलंय ते २५-३० डिग्रीला, पारा वाढला की साधारण दर १० डिग्रीला वेळ निम्मा होतो, आता तुम्हीच हिशोब करा. तो दगड अजून दुकानात आहे, कालवायचा दांडा तसाच उभा अडकलेला.

मी दीड-दोन किलोच कालवतो, वजन काट्यावर, अंदाजाने कधीच नाही. डबे आदल्या रात्री घरात कूलरसमोर. आणि प्रायमर दुपार ढळल्यावर, कोबा थंड होत असताना. सकाळी मारला तर कोबा तापत जातो, आतली हवा वर येते आणि टाचणीएवढी भोकं पडतात. जानेवारीतली थंडीही नको, रात्री पारा १० डिग्रीच्या खाली गेला की माल वाळतच नाही.

बाकीच्या पटापट सांगतो. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर थेट मारू नका, पाण्याचा थेंब टाका, तो मोत्यासारखा तसाच बसला तर कोटिंगही धरणार नाही. ग्राइंडर भाड्याने आणा, संडासाचं ॲसिड ओतून भागत नाही, आणि ओतलंच असेल तर भरपूर पाण्याने धुवा. ऑईलचे डाग धुवायच्या आधी ग्राइंडरने घासू नका, ऑईल अजून पसरतं. साधा ऑईल पेंट कोब्यावर नकोच, सिमेंटच्या क्षाराने त्याचा साबण होतो. पॉलिॲस्पार्टिक नावाचं कोटिंग लवकर वाळतं म्हणून नवशिक्यांना आवडतं, आपल्या उन्हात ते तुमच्या रोलरवरच वाळेल.

आणि गाडी सात दिवस बाहेर. एकाने चौथ्या दिवशीच आत घेतली, दुपारी धुळ्याहून आलेली, टायर तापलेले. सकाळी गाडी काढली तर चारही टायरखालचं कोटिंग टायरला चिकटून बाहेर आलं. आता त्याला तेवढ्याच चार जागी पॅच मारून हवेत, रंग जुळणार नाही हे तीनदा सांगून झालंय, तरी काल परत फोन होता.