मायामी बीचच्या टॉवरमध्ये घर घेण्यापूर्वी

फ्लोरिडातील मायामी बीच किंवा सनी आइल्स येथे घर पाहायला येणारी आपली मंडळी आधी बाल्कनीत जातात, आणि समोर अटलांटिक दिसला की विचारायचे प्रश्न तिथेच राहून जातात. मीही तेच केले होते. म्हणून नवीन येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, बाल्कनी शेवटी पाहावी आणि असोसिएशनचे कागद आधी मागावेत.

येथील असोसिएशन म्हणजे आपल्याकडची हाउसिंग सोसायटीच, परंतु तिच्या हिशोबातील चूक फार महाग पडते. 24 जून 2021 रोजी जवळच्याच सर्फसाइड येथील चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही 1981 साली बांधलेली बारा मजली इमारत अंशतः कोसळली आणि 98 माणसे दगावली. समुद्राच्या खाऱ्या हवेने व झिरपणाऱ्या पाण्याने आतील सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट फोडतात, ही गोष्ट मुंबईच्या किनाऱ्यावर राहिलेल्यांना नवी नाही. पण त्या दुर्घटनेनंतर फ्लोरिडाने कायदा कडक केला. आता तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डोमिनियम (म्हणजे मालकीच्या फ्लॅटच्या) इमारतींची साधारण तिसाव्या वर्षी, आणि आमच्या मायामी-डेड काउंटीत (जिल्ह्यात) किनाऱ्याजवळ असल्यास पंचविसाव्या वर्षीच, संरचनात्मक तपासणी होते व पुढे दर दहा वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. छप्पर, खांब, जलरोधन अशा कामांसाठी लागणारा राखीव निधी (आपला सिंकिंग फंड म्हणा) मालकांना पूर्वी मतदानाने टाळता येत असे. ती वाट आता बहुतांशी बंद झाली आहे. ज्या इमारतींनी वर्षानुवर्षे मासिक शुल्क कमी ठेवले, त्यांचा साचलेला खर्च ‘स्पेशल असेसमेंट’च्या रूपाने एकदम मालकांवर येतो. आमच्या इमारतीत ती नोटीस आली तेव्हा मी राहायला येऊन वर्षही झाले नव्हते, आणि बैठकीच्या जुन्या इतिवृत्तात तिची चाहूल स्पष्टपणे लिहिलेली होती. मी ते इतिवृत्त वाचलेच नव्हते.

त्यामुळे तपासणी अहवाल, राखीव निधीचा अभ्यास, अंदाजपत्रक आणि मागील इतिवृत्ते हाती आल्याशिवाय सही करू नये. असोसिएशनच्या विम्यात आपल्या घरातील सामान येत नाही, म्हणून स्वतःची एचओ-6 पॉलिसी (फ्लॅटमालकाचा घरविमा) घ्यावी, आणि पुराचा विमा वेगळा असतो हे विसरू नये.

राहायला येताना सामानाची लिफ्ट आधी आरक्षित करावी लागते व बहुधा अनामत भरावी लागते. फरशी बदलायची असल्यास खाली आवाज जाऊ न देणारा थर आणि मंजुरी, दोन्ही लागतात. पहाटे मिक्सर लावणाऱ्यांची तक्रार खालच्या मजल्यावरून येतेच, आणि मिरचीची फोडणी देताना चिमणीचा पंखा लावलेला बरा, कारण तिच्या धुराने घरातील स्मोक अलार्म वाजतो.

चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असतो. मायामी बीच हे बिस्केन खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले सखल बेट असल्याने घर सोडण्याचा आदेश येथे लवकर निघू शकतो. वरच्या मजल्यावर आपण सुरक्षित आहोत असे वाटते, पण वीज गेली की लिफ्ट थांबते आणि पंप बंद पडून नळही कोरडे होतात. शरद ऋतूतील मोठ्या भरतीला तर पाऊस नसतानाही गटारांतून पाणी वर येऊन रस्त्यावर साचते, म्हणून गाडीची जागा तळघरात मिळत असेल तर त्याऐवजी वरच्या मजल्यावरची मागावी.