आउटपुट ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळताय? या चुका टाळा

जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) पेटतात, डायलचा दिवा लागतो, आवाज मात्र नाही. अशा सेटमध्ये बरेचदा शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची बारीक तारेची गुंडाळी, तुटलेली निघते. खानापूरकडचा पाऊस माळ्यावर काढलेला सेट असेल तर उकलताना केसासारख्या तारेवर, पितळेच्या भांड्याला चढतो तसा, हिरवा कळंक दिसतो.

असा सेट चालू ठेवून चाचपडत बसू नका. प्रायमरी तुटली की व्हॉल्व्हच्या प्लेटचा पुरवठा थांबतो, पण स्क्रीन ग्रिडचा (आतल्या जाळीचा) चालूच असतो. मग सगळा करंट स्क्रीन ओढते, लालभडक होते आणि चांगला व्हॉल्व्ह हकनाक जातो. बंद केल्यावरही आधी फिल्टर कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामा करा, मगच हात घाला.

जुनी तार कात्रीने कापून फेकणे ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. निदान सेकंडरीचे, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीचे, फेरे तरी मोजा. तार जाड असते, दहा मिनिटांचं काम. प्रायमरी हिशेबाने काढता येते. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हला साधारण ५००० ओहमचा लोड लागतो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर भागाकार ६२५, वर्गमूळ २५. सेकंडरी १०० फेरे, तर प्रायमरी २५००. जुन्या रेडिओचे स्पीकर बरेचदा ३ ते ५ ओहमचे असतात, तेव्हा ८ डोळे झाकून धरू नका.

आता कोअरच्या, म्हणजे लोखंडी गाभ्याच्या, पत्र्या. आमच्या बेळगावात उसाच्या पंपांमुळे मोटर रिवायंडिंगच्या दुकानांना तोटा नाही, आणि या लोकांचा हात सफाईदार. मी बॉबिनवर (तारेच्या साच्यावर) तार गुंडाळून पत्र्या भरायला एका दुकानात नेल्या. दुकानातल्या मामांनी ई आणि आय आकाराच्या पत्र्या आलटूनपालटून, ठोकून घट्ट बसवल्या. मी कागदाची फट सोडा म्हणालो तर म्हणाले, "फट कशाला सोडालायसा? घुमंल की ते!" मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्रायमरीतून ४०-५० मिलीअँपिअर डीसी सतत एकाच दिशेने वाहतो. फट नसेल तर कोअर त्याच्याच चुंबकत्वाने भरून जातो. खर्ज पातळ होतो, तबला डब्यावर वाजवल्यासारखा लागतो. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, मध्ये पातळ कागद. पुश-पुलमध्ये (आउटपुट व्हॉल्व्हची जोडी असते तिथे) दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना मारतो, तिथे मामांचीच पद्धत. घरी येऊन सगळ्या पत्र्या परत उपसल्या.

प्रायमरीची तार ३८ गेजची, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. रीळ आडवं फिरवत ओढली तर झटक्यात तुटते. रीळ उभं ठेवून वरून सुटू द्या. फेरे तोंडाने मोजाल तर चहाची हाक आली की हिशेब गेला. मी स्वस्त कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या (=) बटणाला रीड स्विच (लोहचुंबक जवळ आला की जुळणारा) जोडला आणि गुंडाळायच्या हँडलला लोहचुंबक. एक अधिक एक दाबायचं, पुढचं तोच मोजतो.

थराच्या कडेचा फेरा खालच्या थरात घसरला तर शॉर्ट ठरलेला. प्रत्येक थरावरचा कागद बॉबिनपेक्षा थोडा रुंद घ्या, कडांना बारीक कात्रे द्या, म्हणजे कड वर वळून बसते. आधी अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली अर्धी, असं गुंडाळलं तर वरच्या पट्टीचे सूर टिकतात. दोन अर्ध्या उलट जोडल्या तर आवाज जवळजवळ नाहीच.

हे तपासायला ६ व्होल्ट एसी प्रायमरीलाच द्या. सेकंडरीवर पाव व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. चुकून सेकंडरीला दिलेत तर दुसऱ्या टोकाला १५० व्होल्ट उभे राहतात. शॉर्ट फेऱ्यासाठी प्रायमरीला समांतर निऑन दिवा जोडून ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि काढा. काढताना दिवा चमकला तर ठीक, नाही तर एखादा फेरा शॉर्ट असल्याचा संशय घ्या. उघडी टोकं बोटात धरू नका, चांगला दणका बसतो.

वॉर्निश पावसाळ्यात लावायचं तर आधी बॉबिन बल्बच्या उबेत सुकवा, नाहीतर ओल आतच कोंडते.

सेट चालू करताना स्पीकर जोडलेला हवाच. लोडशिवाय आवाज वाढवला तर प्रायमरीत ठिणगी पडते. आणि फीडबॅकच्या (सेकंडरीवरून थोडा सिग्नल मागे नेणाऱ्या) सेटने चालू करताच भोंगा लावला तर घाबरून पुन्हा उकलू नका. सेकंडरीच्या दोन तारा अदलाबदल करा.